खावटी आषाढात हवी

खावटी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. मृग लागला की भात बियाण्याला जाते, कणगी रिकामी होते आणि नवे पीक हाती यायला दसरा-दिवाळी उजाडते. मधल्या चार महिन्यांत पोटासाठी उचललेले धान्य म्हणजे खावटी. आपल्या आजे-पणज्यांनी ती सावकाराकडून घेतली आणि सुगीला सवाई-दिढीने फेडली.

पेण-रोह्याच्या डोंगरवाड्यांवरचा कातकरी आणि ठाकूर आजही याच चार महिन्यांत अडकतो. लावणीची मजुरी संपली की कापणीपर्यंत हाताला काम नाही. मग वीटभट्टीचा मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. ती फेडायला दिवाळीनंतर अख्खे बिऱ्हाड पोराबाळांसकट भट्टीवर जाते. पोरांची शाळा तिथेच सुटते.

हा फास सैल व्हावा म्हणून सरकारने १९७८ पासून आदिवासींना खावटी कर्ज द्यायला सुरुवात केली. २०१४ पासून ती योजना बंद पडली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, भट्ट्या थांबल्या, माणसे पायी घरी आली. तेव्हा सरकारला खावटी आठवली. कर्जाऐवजी कुटुंबामागे ४ हजार रुपयांचे अनुदान ठरले : २ हजार खात्यात आणि २ हजारांचे कडधान्य, डाळ, तेल, साखर, मीठ, मसाला. शासन निर्णय निघाला ९ सप्टेंबर २०२० रोजी, म्हणजे पावसाळा सरता सरता. वाटप झाले २०२१ मध्ये. त्या पावसाळ्याची भूक भागवायला पुढचे वर्ष उजाडले! मुकादम मात्र एक दिवसही उशीर करत नाही. सरकारची खावटी आणि मुकादमाची उचल यांत हाच फरक आहे.

आता पात्रतेचे पाहू. राज्यातील ११ लाख ५५ हजार कुटुंबे धरली होती. कातकरी आदिम जमातीत मोडतो, म्हणून तो बसला. ठाकराने काय करावे? रोजगार हमीवर निदान एक दिवस काम केलेले असावे, नाहीतर वैयक्तिक वनहक्क मिळालेला असावा, नाहीतर विधवा, परित्यक्ता, अपंग, भूमिहीन अशा यादीत नाव असावे. जिथे रोजगार हमीचे कामच काढले नाही तिथला मजूर हजेरीपटावर येणार कसा? ज्याचा वनहक्काचा दावा कचेरीत पडून आहे, त्याने कुठला कागद दाखवावा? काम काढायचे सरकारने, दावा निकाली काढायचा सरकारने आणि अपात्र ठरायचे गरिबाने!

कुणी म्हणेल, रेशन २०२३ पासून फुकट आहे, मग खावटी कशाला? अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, ते मोलाचे आहे. पण नुसत्या धान्याने कालवण होत नाही. त्याला डाळ, तेल, मीठ लागते. शिवाय कार्ड हवे. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ रोजी आदिम जमातींच्या सर्व कुटुंबांना अंत्योदय कार्ड द्यायला सांगितले. पण लग्न झाले की कातकरी जोडपे वेगळे खोपटे बांधते आणि कार्ड बापाच्याच नावावर राहते. चूल वेगळी, भूक वेगळी, कागद मात्र एकच.

हा प्रश्न आदिवासींचा, आपला नव्हे, असे समजू नका. आपल्या शेतात गुडघाभर चिखलात लावणी करणारे हात हेच आहेत. उचलीच्या फासात आपले बापजादे होते, आज ते आहेत.

म्हणून जिल्हा बैठकीत या मागण्या एकमुखाने मांडाव्यात :

१. खावटी दरवर्षी द्यावी आणि मृगाच्या आधी वाडीवर पोचवावी.

२. पात्र कुटुंबांची यादी एप्रिलपर्यंत ग्रामसभेत वाचून दाखवावी. वगळलेल्यांना कारण लेखी द्यावे.

३. रोजगार हमीची हजेरी आणि वनहक्काचा कागद या अटी काढाव्यात. आदिवासी आणि भूमिहीन एवढे पुरे.

४. वेगळी चूल तिथे वेगळे कार्ड. त्यासाठी तहसील कचेरीने पावसाळ्यापूर्वी वाडीवर शिबिर घ्यावे.

पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात हे निवेदन उन्हाळ्यातच गेले पाहिजे. पावसाळ्यात मागितलेली खावटी दिवाळीला मिळते, आणि दिवाळीला वाडी ओस पडलेली असते.