साहेबाचा रॉबिन आणि आमचा चिरक

माझं भांडण रॉबिन पक्ष्याशी नाही. तो बिचारा तिकडे विलायतेत थंडीत लाल छाती काढून बसतो, नाताळच्या कार्डांवर झळकतो, आणि २०१५ साली तिकडच्या लोकांनी मतं देऊन त्याला पहिला नंबरही दिला. त्याचं त्याला लखलाभ! माझं भांडण आहे ते वर्ध्यात बसून पोरांना आधी रॉबिन शिकवणाऱ्यांशी.

शेजारचे पाचवीतले चिरंजीव मला ठणकावून सांगतात, "काका, रॉबिनची छाती लाल असते!" त्याच वेळी कंपाउंडच्या भिंतीवर चिरक शेपटी उभारून बसलेला असतो. त्याचा लाल रंग शेपटीखाली. साहेबानं त्यालाही 'इंडियन रॉबिन' करून टाकलं. घरची आठवण येत असणार, दुसरं काय? पुण्याला बदली झालेला आपला माणूसही तिथल्या रश्शात सावजी शोधतोच की! पण साहेब १९४७ साली गेला. त्याची आठवण आपण का काढत बसायची?

बरं, साहेबाचे कान तरी कसे! मृगाच्या तोंडावर पावशा ओरडायला लागला, की आमच्या सेलू-देवळीच्या शेतकऱ्याला 'पेरते व्हा' ऐकू येतं. साहेबाला त्यातच 'ब्रेन फीव्हर' ऐकू आलं. एकाला तिफण आठवली, दुसऱ्याला डॉक्टर! बाभळीखाली कचकच करत फिरणारे आमचे सातभाई त्याच्या वहीत 'सेव्हन सिस्टर्स' झाले. आणि नीळपंखाला नाव काय, तर 'रोलर'! हवेत कोलांट्या मारतो म्हणून. पण आपल्याकडे रोलर म्हटलं, की डोळ्यांपुढे बांधकाम खात्याचा येतो. याच नीळपंखाला वर्धेकरांनी २०१८ साली मतदान करून शहरपक्षी निवडलं. निवडून आल्यावर तोंड न दाखवणाऱ्यांतला हा नव्हे. तारेवर बसून नाकतोडे टिपायची ड्युटी तो अजून करतो.

"अहो, नावात काय आहे?" असं कुणी विचारलं, की माझ्यातला बँकवाला जागा होतो. बिननावाच्या खात्यावर आम्ही पाच पैसे जमा करत नाही! पक्ष्याचंही तसंच. तांबट वाळक्या फांदीत भोक पाडून घर करतो. त्याचं नाव ठाऊक असलेला माणूस फांदी तोडणाऱ्याला म्हणेल, "थांब बाप्पा, तिथं तांबटाचं घर आहे." नाव ठाऊक नसलेला म्हणेल, "तोडा, कचराच पडतो." नाव गेलं, की पत्ता जायला वेळ लागत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. शाळेत रॉबिन जरूर शिकवा, पण चिरक, तांबट, नीळपंख झाल्यावर. पावशा दरसाल वेळेवर हाक मारतो. ती आपल्या पोरांना 'पेरते व्हा' अशीच ऐकू आली पाहिजे. 'ब्रेन फीव्हर' ऐकू यायला लागलं, तर तो पक्ष्याला झालेला नाही, एवढं नक्की!