परतीचा शब्द



परवाच्या पावसात काचीगुड्यातील एका जुन्या घरी जाणे झाले. भिंतीने पोट काढले होते. गळतीखाली पातेली मांडलेली. "आजी, पावसाळाभर तरी लेकीकडे जा," असे म्हणताच त्या उत्तरल्या, "फादर, भिंत पडेल तेव्हा पडेल, पण मी घर सोडलं, तर ते आजच गेलं." त्या भाडेकरू. हाती एकही कागद नाही.

ज्यांचे घर एकदा सुटले, त्यांना हे भय अधिकच जाळते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तेथे नव्या नगराची कोनशिला बसविली. तेच उल्हासनगर. बराकींतून शहर उभे राहिले, हे त्या कष्टाळू लोकांचे यश होय. परंतु पुढे दाटीवाटीने कितीतरी बेकायदा इमारती उठल्या. मे २०२१ मध्ये तेथील दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. २८ मे रोजी एका पाच मजली इमारतीत सात जण दगावले.

अशी घरे एका दिवसात पडत नाहीत. ओल आत शिरते, सळया गंजून फुगतात आणि काँक्रीट फोडतात. भेगेवर नुसता गिलावा करणे म्हणजे रोग झाकणे होय. दगड-चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंट लिंपले, तर ओल आतच कोंडते. म्हणून आधी अभियंता, मग गवंडी.

परंतु अभियंत्याने "घर रिकामे करा" म्हटले, तर गरिबाने जावे कोठे? येथेच आपली मदत अपुरी पडते. आपण पत्रे देतो, सिमेंट देतो. पण दुरुस्ती होईपर्यंतचे भाडे आणि परत येण्याचा लेखी शब्द कोणी देत नाही. तो मिळाला नाही, तर माणूस धोक्यालाच बिलगून राहतो.

आपल्या शहराने मोठे संकट पाहिले आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुराने हजारो घरे नेली. नंतर १९१२ मध्ये नगर सुधार मंडळ स्थापन झाले. त्याने दाटीच्या, रोगट वस्त्या हटविल्या, तशी गरिबांसाठी घरेही बांधली. घर पाडणाऱ्याने घर देण्याचाही विचार करावा, हा त्यातील धडा.

येत्या रविवारी दुपारी आम्ही काही जण आजींच्या घरमालकांना भेटणार आहोत. तेही सुस्थितीत नाहीत. दुरुस्तीचा खर्च त्यांना एकट्याने झेपणारा नाही. वर्गणी आम्ही जमवू. त्यांनी एका कागदावर आजींच्या परतीचा शब्द लिहून द्यावा, एवढीच विनंती. आपल्यापैकी कोणी वकील वा अभियंता असेल, तर सोबत यावे. कागदावर सही झाली की आजी लेकीकडे जायला तयार आहेत. पातेली मात्र घरीच ठेवणार म्हणतात.