सूत्र कुणाच्या हाती?

आणे घाट उतरून पश्चिमेस गेले की आळे लागते. ज्ञानेश्वरांनी वेद बोलविला त्या रेड्याची समाधी तेथे आहे, अशी लोकांची श्रद्धा आहे. वाणी ही कुणा एका वर्णाची मिरास नव्हे, हे त्या कथेचे मर्म. आज यंत्र मराठी बोलू लागले आहे. मात्र येथे मुक्याला वाचा फुटलेली नाही. कोट्यवधींची वाचा मूठभर कंपन्यांच्या तिजोरीत जमा झाली आहे.

निर्जीवाला बोलते करण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या जतन केल्या. त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव तर घराघरांत पोचला. पण अर्धवटरावाला हसणाऱ्या पोरालाही ठाऊक असते की आवाज शेजारच्या माणसाचा आहे. हा प्रामाणिकपणा बाहुलीच्या खेळाचा पाया होय. नव्या यंत्राच्या खेळात सूत्रधारच अदृश्य आहे.

म्हणून यंत्राशी जिव्हाळा जोडणाऱ्यांची टवाळी करणे अन्यायाचे आहे. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा संभाषण करणारा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो कसा घडला हे पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनीही त्याच्याशी एकांतात बोलता यावे म्हणून त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. माणसाची भूक खरी असते. आण्याच्या कोरडवाहू पठारावरील तरुण रोजगारासाठी मुंबई-पुण्याची वाट धरतो. मागे राहिलेल्या आईला उद्या यंत्राने रोज सांजेला 'जेवलात का?' असे विचारले, तर तिला ते गोडच वाटेल. परंतु ज्या व्यवस्थेने लेकाला दूर नेले, तिनेच त्याच्या जागी विकत मिळणारा आवाज बसवावा, हा प्रगतीचा कोणता प्रकार?

या आवाजामागे श्रमही आहेत. यंत्राला सभ्य बनविण्यासाठी गलिच्छ मजकूर वाचणाऱ्या केनियातील कामगारांना ताशी दोन डॉलरहून कमी मजुरी मिळत होती, हे 'टाइम' नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आणले.

तेव्हा यंत्र मोडा, ही मागणी नव्हे. यंत्राने आपण यंत्र आहोत हे आणि आपला मालक कोण हे स्वच्छ मराठीत सांगावे; माणसाचे खाजगी बोलणे विक्रीचा माल होऊ नये; पडद्यामागील श्रमिकाला रास्त वेतन मिळावे. आणि सर्वांत आधी पठाराला पाणी व हाताला काम मिळावे, म्हणजे त्या आईची विचारपूस करायला लेकच घरी असेल. दोष बाहुलीचा नाही. सूत्र लोकांच्या हाती आले पाहिजे.