आज्ञा देण्यापूर्वी

पूर्वी घरातील मुलगा नोकरीस लागला, म्हणजे तो काय काम करतो हे आईबापांना एका शब्दात सांगता येत असे. कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी रेल्वेत फिटर. आज शहरात नोकरीस गेलेल्या मुलामुलींना तेच विचारावे, तर उत्तर मिळते, "आम्ही क्लाउडवर ॲप्लिकेशन चढवतो." एवढ्याने वडीलधाऱ्यांचे समाधान होत नाही, आणि तेही संकोचाने पुढे विचारीत नाहीत. वास्तविक हे काम समजण्यास फारसे कठीण नाही. आणि त्यात जी जबाबदारी आहे, ती तर कोणाही कुटुंबवत्सल माणसास सहज कळण्याजोगी आहे.

क्लाउड म्हणजे मेघ. परंतु हा मेघ आकाशात नसून जमिनीवरच आहे. मोठ्या कंपन्यांनी जगात ठिकठिकाणी प्रचंड इमारती बांधून त्यांत हजारो संगणक रात्रंदिवस चालू ठेवले आहेत आणि ते भाड्याने वापरावयास मिळतात. गूगल कंपनीने २००८ साली ‘ॲप इंजिन’ नावाची अशी एक सोय सुरू केली. आपण फक्त प्रोग्राम लिहावा. यंत्रे, वीज व देखभाल कंपनीने पाहावी, असा हा व्यवहार आहे. २०१७ साली या कंपनीने मुंबई हाही आपल्या क्लाउडचा एक प्रदेश केला. त्यामुळे इकडच्या लोकांसाठी लिहिलेला प्रोग्राम आता इकडेच ठेवता येतो.

आता, दूर असलेल्या या यंत्रास काम कसे सांगावे? एक मार्ग पडद्यावरील चित्रे व बटणे दाबण्याचा. दुसरा मार्ग लेखी आज्ञेचा. काळ्या पाटीसारख्या एका खिडकीत एक ओळ टंकावी व एंटरची कळ दाबावी, की यंत्र त्याप्रमाणे वागते. यास ‘कमांड लाइन’ म्हणतात. ही रीत जुनीच आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स रचण्यास आरंभ केला, त्या काळी आज्ञा टेलिटाइप यंत्रावर टंकीत असत आणि उत्तर कागदावर छापून येई. बटणे आली तरी ही रीत टिकली, याचे कारण उघड आहे. सकाळी कोणते बटण दाबले हे सायंकाळी आठवत नाही. परंतु लिहिलेली ओळ वहीत उतरवून ठेवता येते, दुसऱ्यास तपासावयास देता येते आणि उद्या एकही अक्षर न बदलता पुन्हा वापरता येते.

समजा, दूध सोसायटीच्या सभासदांना आपले रोजचे माप व हिशेब मोबाइलवर पाहता यावा, असा प्रोग्राम एका मुलीने लिहिला आहे. प्रथम ती तो स्वतःच्याच संगणकावर चालवून पाहते. नंतर ‘जीक्लाउड’ हे गूगलचे आज्ञासाधन हाती घेते. ‘जीक्लाउड इनिट’ या आज्ञेने आपण कोण आणि कोणत्या प्रकल्पात काम करणार, हे ठरते. ‘जीक्लाउड ॲप क्रिएट’ या आज्ञेने प्रोग्राम कोणत्या प्रदेशात राहील, हे ठरते. आणि एका प्रकल्पासाठी एकदा निवडलेला प्रदेश मागाहून बदलता येत नाही. प्रोग्रामजवळ ‘ॲप डॉट यॅमल’ नावाचे लहानसे पत्रक ठेवावे लागते. प्रोग्राम कोणत्या भाषेतील आहे हे त्यात नमूद असते, आणि एकाच वेळी जास्तीत जास्त किती यंत्रे वापरावीत हेही त्यात सांगून ठेवता येते. हे सर्व सिद्ध झाल्यावर ती तीन शब्द टंकते: ‘जीक्लाउड ॲप डिप्लॉय’.

हे साधन लगेच धावत सुटत नाही. कोणता प्रकल्प, कोणती सेवा, कोणती आवृत्ती, कोणता पत्ता, हे ते ओळीओळीने मांडते आणि विचारते, पुढे जावयाचे काय? होकारासाठी ‘वाय’, नकारासाठी ‘एन’. मात्र काहीही न टंकता नुसती एंटरची कळ दाबली, तरी तो होकारच समजला जातो! होकार मिळताच प्रोग्राम गूगलच्या यंत्रांवर जातो, तेथे त्याची बांधणी होते, आणि काही मिनिटांत सर्व सभासदांच्या हाती नवी आवृत्ती येते. पुष्कळांचे दोन प्रकल्प असतात, एक चाचणीचा व एक खरा. चाचणीसाठी सोडलेला कच्चा प्रोग्राम खऱ्या ठिकाणी जाऊन पडतो, तो बहुधा याच प्रश्नाचे उत्तर न वाचता दिल्यामुळे. हा प्रश्नच विचारू नये, असेही साधनास सांगून ठेवता येते. परंतु नवशिक्याने त्या वाटेस जाऊ नये.

ही भीती काल्पनिक नव्हे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीच्या एस-थ्री या साठवण सेवेतील बिलाचे काम मंद चालले होते. त्याचा शोध घेताना एका अधिकृत कर्मचाऱ्याने थोडे संगणक कामातून काढण्यासाठी नेहमीची आज्ञा दिली. तिच्यातील एक भाग चुकीचा टंकला गेला आणि हेतूपेक्षा पुष्कळच अधिक संगणक निघाले. सेवा पूर्ववत होण्यास चार तासांहून अधिक वेळ लागला, आणि तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे तोवर अडून राहिली. पुढे कंपनीने जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात त्या कर्मचाऱ्याचे नाव नाही. साधनातच सुधारणा केल्याचे त्यात सांगितले आहे: यापुढे संगणक हळूहळू काढले जातील, आणि ठरलेल्या किमान संख्येखाली ते जाऊ लागल्यास साधनच अडवील. माणूस चुकणारच हे धरून हत्यारास मूठ बसवावी, हा यातील शहाणपणा होय.

तशी मूठ जीक्लाउडलाही आहे. आज्ञेत ‘नो-प्रमोट’ हा शब्द जोडला, तर नवी आवृत्ती वर चढते, पण लोकांना जुनीच दिसत राहते. आपण ती निराळ्या पत्त्यावर पाहून घ्यावी. नंतर शंभरांतील दहा मागण्या नवीकडे व नव्वद जुनीकडे, अशी वाटणीही करता येते. जुनी आवृत्ती आपण होऊन पुसली नाही तर तेथेच असते. काही बिघडल्यास एका आज्ञेने सर्व रहदारी तिच्याकडे परत वळवता येते. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी: प्रोग्राम मागे फिरतो, पण नव्या प्रोग्रामने पुसलेली सभासदांची नोंद त्याबरोबर परत येत नाही. तिची प्रत आधीच निराळी राखलेली असावी.

आणखी दोन सूचना. डेटाबेसचा पासवर्ड प्रोग्रामच्या मजकुरात कधीही लिहू नये. तो मजकूर दहा हातांतून जातो. त्यासाठी ‘सीक्रेट मॅनेजर’ ही कुलुपबंद पेटी आहे. दुसरी गोष्ट खर्चाची. क्लाउडमध्ये बजेटचा आकडा घातला म्हणजे त्यापुढे खर्च थांबतो, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. बजेटामुळे फक्त सूचना येते. बिल चालूच राहते. यंत्रांची कमाल संख्या पत्रकात लिहून ठेवणे आणि शिकण्यापुरते उभे केलेले काम संपताच काढून टाकणे, हेच खरे उपाय होत.

तरुण वाचकांनो, ज्या बाईने पहाटे उठून धार काढली, तिला तुमचे साधन ठाऊक नाही, तुमची आज्ञाही ठाऊक नाही. तिला मोबाइलवर फक्त आपल्या दुधाचा आकडा दिसतो, आणि तो खरा आहे असे ती धरून चालते. तिचा तो भरवसा तुमच्या एका अक्षरावर उभा आहे. म्हणून ‘वाय’ टंकण्यापूर्वी पडद्यावरील ओळी एकदा वाचा. त्यास अर्धे मिनिटही लागत नाही.