भातखाचरातील नत्र आणि पाण्याची पाळी

तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठीचे मोडी कागद जतन केलेले आहेत, हे मराठी वाचकास बहुधा ठाऊक असते. १८५५ पर्यंत तेथे नांदलेल्या भोसले घराण्याचे वैभव ज्या भातजमिनीवर पोसले गेले, तिच्याकडे मात्र त्याचे लक्ष सहसा जात नाही. कावेरीच्या त्या खाचरांत आज कुरुवई व सांबा या हंगामांच्या भातास युरिया देतात. या खतात शेकडा ४६ भाग नत्र असते. ते रोपांसाठी टाकले जाते खरे. परंतु त्यावर मातीतील सूक्ष्मजंतूही आपला हक्क सांगतात.

युरियापासून अमोनिया होतो. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात व बहुधा दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात. हे कार्य सजीवांचे आहे असे श्लेसिंग व म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये फ्रान्समध्ये दाखविले. विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास ते जंतू वेगळे काढले. अमोनियायुक्त खत वर्षानुवर्षे मिळत गेले म्हणजे अशा जंतूंची संख्या बहुधा वाढते. खत देणारा शेतकरी नकळत त्यांचीही जोपासना करीत असतो.

या जंतूंना प्राणवायू लागतो. पाणी भरलेल्या खाचरात तो चिखलाच्या वरच्या काही मिलिमीटर थरात आणि मुळांलगतच असतो. तेथे बनलेले नायट्रेट खाली उतरले की प्राणवायूवाचून जगणारे निराळे जंतू त्याचा वायू करून टाकतात. त्यातील काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता कोंडण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट भरते.

म्हणूनच एकरी किती पोती, एवढाच सल्ला अपुरा ठरतो. मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याची परंपरागत तारीख १२ जून. परंतु पाणी नेहमी वेळेवर येतेच असे नाही. पाळी चुकली की चिखल सुकतो, भेगांतून हवा शिरते व नायट्रेट साठते. मग पाणी आले की तेच नायट्रेट वायू होऊन जाते. पीक फिके पडते, आणि शेतकरी आणखी युरिया फेकतो!

२०१५ मध्ये सरकारने देशातील सर्व युरियास कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा केला. या लेपाने नत्रीकरण मंदावते, हे स्वागतार्हच. पण सुकलेल्या खाचराचे काम लेप करू शकत नाही. तंजावूर जिल्ह्यातच अडुतुरै येथे १९२२ पासून भातसंशोधन चालू आहे. पाण्याच्या पाळीचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी तेथील मृदाशास्त्रज्ञांस आधी विचारावे. तोवर पहिला हप्ता साचल्या पाण्यावर न फेकता चिखलात खोल गाडावा. तेथे प्राणवायू नसल्याने अमोनिया टिकतो व मुळे सावकाश तेथवर पोहोचतात.