सायरन वाजला, पण धावणार कोण?

घरातला वाय-फाय बंद पडला की हाक कोणाला? तुम्हाला. आजीच्या फोनवर यूपीआय कोणी सुरू करून दिलं? तुम्हीच. त्यामुळे फॅमिली ग्रुपवर बाबांनी ‘होम सिक्युरिटी’ची लिंक टाकून खाली ‘हे कसं आहे?’ असं विचारलं, तर तो प्रश्नही तुमच्यासाठीच असतो. शेजारच्या सोसायटीत चोरी झालेली असते, दिवाळीला गावी जायचं असतं, घर आठ दिवस बंद राहणार असतं. आणि जाहिरात म्हणत असते, ‘२४ तास मॉनिटरिंग’. घाईने अंगठा दाखवण्याआधी या शब्दांत नेमकं काय विकलं जातंय, ते बघू या.

यंत्र तसं साधं असतं. दाराच्या चौकटीवर एक तुकडा, दारावर लोहचुंबकाचा दुसरा. दार उघडलं की दोघांची ताटातूट होते आणि पॅनेलला निरोप जातो. खोलीतला मोशन सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. पॅनेल सायरन वाजवतं. एवढंच हवं असेल तर एकदा पैसे भरले की विषय संपला. ‘मॉनिटर्ड’ म्हटलं की यात कंट्रोल रूम येते. तिथला माणूस तुम्हाला फोन करतो, तुम्ही उचलला नाही तर यादीतल्या पुढच्या नंबरला, मग पोलिसांना. दरमहा पैसे जातात ते या फोनाफोनीचे. त्यामुळे सेन्सर किती भारी आहे यापेक्षा फोन झाल्यावर पुढे कोण धावतं, हे जास्त महत्त्वाचं.

अमेरिकेत हा धंदा फार जुना आहे. तिथे घरफोडीच्या इलेक्ट्रिक अलार्मचं पेटंट १८५३ मध्ये घेतलं गेलं आणि एडीटी ही कंपनी १८७४ पासूनची आहे. इतक्या वर्षांनंतर तिथल्या पोलिसांचं रडगाणं एकच, अलार्म खोटे असतात. अमेरिकी न्याय खात्याने पोलिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत खोट्या अलार्मचं प्रमाण शंभरात ९४ ते ९८ इतकं सांगितलंय. चोर नसतोच. कोड विसरलेला मुलगा असतो, एसीच्या झोतात हलणारा पडदा असतो, बॅटरी उतरलेला सेन्सर असतो, नाहीतर घरातलं मांजर. ‘लांडगा आला रे आला’चीच गोष्ट, फक्त सायरनसकट.

सॉल्ट लेक सिटी या शहराने २००० च्या अखेरीस यावर सरळ नियमच केला. नुसता अलार्म वाजला म्हणून पोलिस येणार नाहीत, आधी खासगी गार्डने किंवा आणखी कोणी जागेवर जाऊन खात्री करायची. जिवाच्या भीतीने कोणी पॅनिक बटण दाबलं, तर मात्र पोलिस लगेच निघणार. पोलिसांकडे येणारे अलार्मचे कॉल जवळपास ९० टक्क्यांनी घटले. पोलिस सुटले, पण गार्ड कोणी पाठवायचा आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, हा कंपनी आणि ग्राहकामधला मामला झाला.

आता आपल्याकडे या. अलार्म वाजल्यावर कंपनी माणूस पाठवणार की फक्त फोन करणार, हे ब्रोशरवर नाही, करारात लिहिलेलं असतं. ते वाचायचं काम तुमचं, कारण बाबा ‘आय अ‍ॅग्री’ दाबून मोकळे होतात. फक्त फोनच असेल, तर ११२ लावायला कंपनी कशाला हवी? शिवाय यादीत नंबर कोणाचे दिलेत तेही बघा. एक बाबांचा, जे स्वतः गाडीत घाटात रेंजबाहेर आहेत. दुसरा मामाचा, जो नाशिकला राहतो. घर डोंबिवलीत! शेवटी दाराशी पोहोचू शकणारं माणूस एकच असतं, समोरच्या काकू. त्यांना मात्र कोणी काही सांगितलेलं नसतं.

मासिक फी न भरता मिळणारे पर्यायही आहेत. आंध्र प्रदेश पोलिसांनी बंद घरांसाठी एक अ‍ॅप काढलं. गावाला जाताना त्यावर कळवायचं, पोलिस घरात हालचाल टिपणारा कॅमेरा बसवून जातात आणि इशारा थेट त्यांच्या कंट्रोल रूमला मिळतो. केरळ पोलिसांच्या ‘पोल-अ‍ॅप’वर घर बंद असल्याची नोंद करता येते, १४ दिवसांपर्यंत पोलिस लक्ष ठेवतात. तुमच्या पोलिस ठाण्यात अशी काही सोय आहे का, हे लिंकवर क्लिक करण्याआधी एकदा विचारून यायला हरकत नाही.

पण मला जास्त खटकते ती वेगळीच गोष्ट. घरावर नजर ठेवायला आपण ज्यांना पैसे देतो, त्यांच्यावर नजर कोण ठेवणार? अमेरिकेत डॅलसमध्ये एडीटीच्या एका टेक्निशियनने २०२१ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. सिस्टीम बसवताना तो ग्राहकांच्या खात्यात गुपचूप स्वतःचा ईमेल जोडायचा. २०० हून अधिक घरांचे कॅमेरे त्याने साडेचार वर्षांत ९,६०० पेक्षा जास्त वेळा उघडून पाहिले. कुठली घरं उघडायची, हे तो आवडलेल्या बायका बघून ठरवायचा. त्याला ५२ महिन्यांची शिक्षा झाली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमेझॉनच्या ‘रिंग’वर आरोप ठेवले. बेडरूम-बाथरूममधल्या कॅमेऱ्यांचे महिलांचे हजारो व्हिडिओ तिथल्या एका कर्मचाऱ्याने पाहिल्याचं त्यात होतं. कंपनीने ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. यातला एकही माणूस हॅकर नव्हता. सगळे आतले, पगारी.

आपल्या सरकारने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेरे विकण्याआधी त्यांचं हार्डवेअर-सॉफ्टवेअर मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासून घेणं बंधनकारक केलं. चांगलं झालं. पण लॅब कॅमेरा तपासते, शिडीवर चढून तो बसवणाऱ्या आणि तुमचा पासवर्ड स्वतःच टाइप करणाऱ्या दादाला नाही. तो गेला की पासवर्ड बदला आणि अ‍ॅपमध्ये कोणकोणते ईमेल जोडलेत ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

अजून एक धोका म्हणजे कंपनीचाच मूड. गूगलने २०१७ मध्ये ‘नेस्ट सिक्युअर’ नावाची अलार्म सिस्टीम आणली, २०२० मध्ये विकणं थांबवलं आणि एप्रिल २०२४ मध्ये सेवाच बंद केली. यंत्रं भिंतीवर तशीच. वीज आणि वाय-फाय एकदम गेले तर काय, हेही सेल्समनला विचारा. पॅनेलमध्ये बॅटरी आणि स्वतःचं सिम नसेल, तर लोडशेडिंगमध्ये ते शोभेचंच.

मग अलार्म घ्यायचाच नाही का? तसंही नाही. अमेरिकेत ४२२ घरफोड्यांना संशोधकांनी बोलतं केलं, तेव्हा अलार्म दिसला तर दुसरं घर शोधू असं जवळपास ६० टक्क्यांनी सांगितलं. म्हणजे दाराचा सेन्सर आणि कान फाडणारा सायरन यांचा उपयोग आहेच, आणि त्यासाठी मासिक फी लागत नाही. गावी एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, तर पॅनिक बटण दाबल्यावर पलीकडे माणूस असणं खरंच मोलाचं. तिथे मी मॉनिटरिंगचे पैसे बिनदिक्कत भरेन.

हॉलमधल्या कॅमेऱ्याला मात्र माझा विरोध आहे. चोर वर्षातून एकदाही येत नाही, तुम्ही रोज येता. ‘काल साडेअकराला आलीस ना?’, ‘तो मुलगा कोण होता?’ हे प्रश्न त्याच अ‍ॅपमधून निघतात. पीजीमध्ये किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकाने खोलीत किंवा बाथरूमपाशी कॅमेरा लावून मुलींचं खासगीपण टिपलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली तो गुन्हा आहे, पहिल्यांदाच किमान एक वर्षाची शिक्षा. पण स्वतःच्या घरात बाबांनी लावलेल्या कॅमेऱ्याचं काय? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागूच होत नाही. तिथे वाटाघाटी तुम्हालाच कराव्या लागणार. कॅमेरा दाराबाहेर राहील, आतला फक्त घर बंद असतानाच चालू होईल, आणि अ‍ॅपचं लॉगिन आईकडेही असेल. सेटअप तुम्हीच करणार आहात, तेव्हा हे बोलायची वेळ बॉक्स उघडण्याआधीची.