संशोधनाचे अनुदान : शासनाचे की धनिकांचे?

संशोधनसंस्थांनी शासकीय अनुदानाची वाट पाहणे सोडून कंपन्या, विश्वस्त निधी आणि दानशूर व्यक्ती यांच्याकडे वळावे, कारण खाजगी पैसा लवकर हाती येतो आणि त्यामागे लाल फितीचा जाच नसतो, असे हल्ली आग्रहाने मांडले जाते. या पूर्वपक्षात तथ्य नाही असे नाही. शासकीय हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे आधीची रक्कम मंजूर कामावरच खर्ची पडल्याच्या दाखल्यावर, अडून राहतो आणि तोवर संशोधक विद्यार्थ्यांचे विद्यावेतन थकते. परंतु हा कारभाराचा दोष होय. तो सुधारला पाहिजे, त्यापायी शासनाला जबाबदारीतून मोकळे करता येत नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. प्रत्येक श्लोकासाठी स्वतंत्र तक्ता आखून, माथ्यावर आधारभूत पाठ आणि त्याखाली एकेका हस्तलिखितातील पाठभेद अक्षर न् अक्षर उतरवून घ्यावे लागत. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या देणगीने या कार्याला चालना मिळाली, हे ऋण मोठेच आहे. पण मुंबई सरकारची आणि पुढे स्वतंत्र भारतातील शासनाची अनुदाने नसती, तर सत्तेचाळीस वर्षांचा हा भार केवळ देणग्यांवर पेलला नसता.

आजचा कंपन्यांचा निधी याच कामाला लावून पाहावा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. म्हणजे नफा आटला की निधीही आटतो. शिवाय २०२१ च्या सुधारित नियमांनी बहुवर्षीय प्रकल्पाची मुदत, आरंभाचे वर्ष वगळून, तीन वर्षांवर आणून ठेवली आहे. एकटे आदिपर्व पूर्ण व्हायला १९३३ साल उजाडले होते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा दाखला खाजगी दातृत्वाचे समर्थक हमखास देतात. मात्र १९४५ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या जोडीला मुंबई सरकारही उभे होते आणि आज ही संस्था अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर चालते.

म्हणूनच २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा हिशेब चिंताजनक आहे. पाच वर्षांच्या ५० हजार कोटी रुपयांपैकी सुमारे ३६ हजार कोटी शासनाबाहेरून येतील, असे त्यात गृहीत धरले आहे. ती रक्कम येवो वा न येवो, दीर्घ पल्ल्याच्या संशोधनाची तरतूद शासनाने अर्थसंकल्पातूनच केली पाहिजे.